पंपाला मुभा, चमच्याला बंदी : दम्याची औषधे आणि धावपटूंचा पेच

भिलाई : नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग स्थानक सोडते न सोडते तोच पोलादनगरीची हद्द सुरू होते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत उभी राहिली, तिच्यात विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही स्थिरावली, आणि शाळा-रुग्णालयांबरोबर पंत स्टेडियम, जयंती स्टेडियम यांसारखी मैदानेही आली. खेळात नाव काढले की कारखान्यात, रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरीची वाट मोकळी होऊ शकते, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. त्यामुळे पाच किंवा दहा हजार मीटरच्या शर्यतीतील काही सेकंदांचे मोल केवळ पदकात मोजले जात नाही.

या पोलादनगरीची दुसरी ओळख तिच्या हवेशी निगडित आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेच्या दर्जाचे राष्ट्रीय मानक सातत्याने न गाठणाऱ्या १०२ शहरांच्या यादीत छत्तीसगडमधील रायपूर, कोरबा आणि भिलाई ही तीन शहरे होती. अशा हवेत तोंडाने, खोल आणि वेगाने श्वास घेणाऱ्या धावपटूला खोकला किंवा छातीत घरघर जाणवली तर नवल नाही. मग औषधाच्या दुकानातून एखादी बाटली किंवा गोळ्यांची पट्टी घरी येते. दम्याची औषधे निरोगी खेळाडूला खरोखर वेगवान करतात काय, हा प्रश्न जगभर गेली पन्नास वर्षे चर्चिला जात आहे. भारतात त्याला आणखी एक बाजू आहे. येथे खेळाडूला गोत्यात आणण्याची अधिक शक्यता पंपात नसून चमच्यात आहे.

औषध नेमके काय करते?

दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतल्या आवरणाला सूज येते आणि हवेची वाट अरुंद होते. १९६९ मध्ये बाजारात आलेले साल्ब्युटामॉल हे औषध या स्नायूंवरील बीटा-२ नावाच्या ग्राहींना चालना देते आणि काही मिनिटांत नलिका सैल होतात. भारतात ते ‘अस्थालिन’ या व्यापारी नावाने अधिक परिचित आहे. टर्ब्युटलाइन, फॉर्मोटेरॉल आणि सालमेटेरॉल ही त्याच कुळातील औषधे होत.

ज्याची श्वासनलिका मुळातच मोकळी आहे, त्याला या औषधाचा किती लाभ व्हावा? तर्काने पाहिले तर फारसा नाही. व्यायाम सुरू होताच शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनलिन स्रवते आणि तेही नलिका रुंदावण्याचेच काम करते. विश्रांतीच्या वेळी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. कसलेला धावपटू शर्यतीत शंभर लिटरचा आकडा सहज ओलांडतो, आणि तरीही निरोगी व्यक्तीत बहुधा फुफ्फुसे कमी पडत नाहीत. मर्यादा येते ती हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलू शकते, रक्त किती प्राणवायू वाहू शकते आणि स्नायू तो किती वापरू शकतात यांवर. घाटात वाहने अडली असताना अलीकडचा सपाट रस्ता रुंद करावा, तसा हा उपाय ठरतो.

प्रयोगांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. २०११ मध्ये ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दमा नसलेल्या खेळाडूंनी ही औषधे श्वासावाटे घेतल्यास त्यांच्या सहनशक्तीत, ताकदीत वा वेगात लक्षणीय वाढ होत नाही, असे त्यात आढळले. नंतरच्या आढाव्यांनीही दीर्घ अंतराच्या कामगिरीबाबत हाच निष्कर्ष कायम ठेवला आहे. पाच हजार मीटर धावणाऱ्या निरोगी मुलाने शर्यतीपूर्वी दोन फवारे ओढले, तर त्याच्या वेळेत फरक पडण्याची शक्यता जवळपास नाही. त्याला बरे वाटल्याचा भास होऊ शकतो. हृदयाचे ठोके वाढल्याने अंगात जोर आल्यासारखेही वाटते. पण घड्याळ त्याची दखल घेत नाही.

मात्र हेच औषध गोळीच्या, सिरपच्या किंवा इंजेक्शनच्या रूपाने संपूर्ण शरीरात भिनले की चित्र बदलते. मोठ्या मात्रेत ते सांगाड्याच्या स्नायूंवरही परिणाम करते. अल्पकाळाच्या, जोरकस हालचालींत, म्हणजे छोट्या धावेत किंवा सायकलच्या झटक्यात, कामगिरी काही टक्क्यांनी सुधारल्याचे अभ्यास आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयोगांत टर्ब्युटलाइनच्या मोठ्या मात्रेने स्नायूंची ताकद वाढल्याचे दिसले. गंमत अशी की लांब पल्ल्याच्या धावपटूला यातूनही फारसे काही मिळत नाही. संथ गतीच्या व्यायामात हे औषध शरीराचा ऊर्जाव्यय उलट वाढवते, आणि दीर्घ शर्यतीत ऊर्जा वाचवून धावणाराच पुढे राहतो. हातांना कंप, धडधड आणि रक्तातील पोटॅशियममध्ये घट हे परिणाम वेगळेच. मे महिन्याच्या छत्तीसगडी उन्हात, घामाने आधीच क्षार गमावलेल्या शरीरात पोटॅशियमची आणखी घट होणे हृदयाच्या लयीला परवडणारे नाही.

एक चमचा म्हणजे वीस फवारे

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, याच वैज्ञानिक भेदावर आपला नियम बेतला आहे. बीटा-२ कुळातील सर्व औषधांवर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर सदासर्वकाळ बंदी आहे. मोजक्या औषधांना केवळ श्वासावाटे, ठरलेल्या मर्यादेत मुभा दिली आहे. साल्ब्युटामॉलसाठी २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा असून, २०२२ पासून कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक मात्रा घेता येत नाही. फॉर्मोटेरॉल, सालमेटेरॉल आणि व्हिलँटेरॉल यांनाही अशाच मर्यादा आहेत. टर्ब्युटलाइनला मात्र ही मुभा नाही; ते पंपातून घेतले तरी पूर्वपरवानगी लागते.

हे आकडे घरगुती भाषेत मांडले की त्यांचा अर्थ ध्यानात येतो. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारणतः १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असते. म्हणजे दिवसभरात १६ फवारे, आणि आठ तासांत सहा. हे प्रमाण दम्याच्या बहुतेक रुग्णांच्या रोजच्या गरजेपेक्षा अधिकच आहे. याउलट साल्ब्युटामॉलची एक गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. चार मिलिग्रॅम म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. चाळीस फवाऱ्यांइतके औषध एका गोळीत. सिरपच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात २ मिलिग्रॅम असते. म्हणजे वीस फवारे. पंपातले औषध थेट फुफ्फुसात जाते, म्हणून त्याला अत्यल्प मात्रा पुरते. तोंडाने घेतलेल्या औषधाला पोट, यकृत आणि रक्तप्रवाह अशी वाट काढावी लागते. म्हणून त्याची मात्रा कित्येक पटींनी मोठी आणि शरीरभरचा परिणामही मोठा. तोंडावाटे साल्ब्युटामॉल घेण्यास अर्थातच कोणत्याही मात्रेत मुभा नाही.

नेब्युलायझरची गोष्टही अशीच आहे. श्वास कोंडलेल्या रुग्णाला रुग्णालयात जी वाफ दिली जाते, तिच्या एका नळीत सहसा २.५ मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेहून अधिक. नॉर्वेचा अव्वल स्कीपटू मार्टिन यॉनस्रूड सुंडबी याच कारणाने अडचणीत आला. त्याला दमा होता, औषध संघाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले होते. तरीही नेब्युलायझरमधून मोठी मात्रा घेतल्याबद्दल क्रीडा लवादाने २०१६ मध्ये त्याला दोन महिन्यांसाठी निलंबित केले आणि २०१४-१५ च्या हंगामातील विश्वचषकाचे विजेतेपदही त्याला गमवावे लागले. त्यानंतर नॉर्वेतच नेमलेल्या समितीने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दम्याचे निदान नसलेल्या स्कीपटूंनाही सर्दी-खोकल्याच्या वेळी ही औषधे दिली जात होती. नियमभंग झाल्याचा ठपका समितीने ठेवला नाही. पण निरोगी खेळाडूला औषध कशासाठी, हा प्रश्न त्या देशात बराच काळ गाजला.

फ्रूम प्रकरणाचा धडा

सहनशक्तीच्या खेळांत सर्वाधिक गाजलेले प्रकरण ब्रिटनचा सायकलपटू ख्रिस फ्रूम याचे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये स्पेनच्या ‘व्हुएल्टा’ शर्यतीदरम्यान त्याच्या लघवीत साल्ब्युटामॉलचे प्रमाण प्रतिमिलिलिटर २,००० नॅनोग्रॅम आढळले. मर्यादा १,००० ची आहे. फ्रूमला दमा असल्याचे सर्वज्ञात होते आणि अनुज्ञेय मात्रेपेक्षा अधिक फवारे घेतले नाहीत, असे तो सांगत होता. घामाने शरीरातील पाणी घटले की लघवी घट्ट होते आणि त्याच प्रमाणात औषधाची तीव्रता वाढते, हा मुद्दा या वादात निर्णायक ठरला. लघवीच्या घनतेनुसार सुधारित केल्यावर तो आकडा १,४२९ वर आला. अखेर २ जुलै २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने प्रकरण बंद केले.

फ्रूमपाशी तज्ज्ञ होते, वकील होते, आणि नऊ महिने लढण्याइतका पैसा होता. ४४-४५ अंशांच्या उन्हात धावणाऱ्या भिलाईच्या किंवा चंद्रपूरच्या मुलाची लघवी फ्रूमइतकीच घट्ट होऊ शकते. घनतेनुसार सुधारणा करण्याची पद्धत आता नियमांतच आली आहे, हा त्या प्रकरणाचा त्यालाही मिळालेला फायदा म्हणावा लागेल. त्यापुढची लढाई मात्र त्याच्या आवाक्यातील नाही. मर्यादा ओलांडली गेली तर अनुज्ञेय मात्रेनेच ती ओलांडली हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो, आणि त्यासाठी नियंत्रित वैद्यकीय प्रयोग करून घ्यावा लागतो.

खोकल्याच्या बाटलीने घेतलेला हंगाम

भारतात या विषयाची चर्चा घराघरांत पोहोचली ती एका क्रिकेटपटूमुळे. विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉ याने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीतच १३४ धावा केल्या होत्या. चारच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी, इंदूर येथे सय्यद मुश्ताक अली चषकाच्या सामन्यावेळी त्याचा नमुना घेण्यात आला आणि त्यात टर्ब्युटलाइन सापडले. खोकल्याचे औषध अनवधानाने घेतल्याचे त्याने सांगितले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने हे स्पष्टीकरण मान्य करूनही ३० जुलै २०१९ रोजी आठ महिन्यांच्या बंदीची घोषणा केली. मागील तारखेपासून मोजल्याने ती १५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपली. त्या वेळी तो १९ वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, क्रिकेट मंडळाने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, चाचण्या स्वीकारण्याचे मान्य केले.

शॉ काही लांब पल्ल्याचा धावपटू नव्हे, आणि फलंदाजाला टर्ब्युटलाइनने कोणता लाभ होतो, हे सांगणे अवघड आहे. तरीही त्याच्या प्रकरणाने भारतीय वास्तवावर नेमके बोट ठेवले. येथे विकल्या जाणाऱ्या खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांत टर्ब्युटलाइन किंवा साल्ब्युटामॉल असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची औषधे आहेत. प्रत्यक्षात ‘खोकल्याचे काहीतरी द्या’ एवढे सांगणे पुरते. बाटलीवर दर्शनी भागात ठळक असते ते व्यापारी नाव. घटकद्रव्ये बारीक अक्षरांत, आणि तीही बहुतेक इंग्रजीत. हिंदी किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने ती वाचून त्यातील निषिद्ध द्रव्य ओळखावे, अशी नियमाची अपेक्षा आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हे तत्त्व तिलाही लागू होते.

पंपाची धास्ती

या पेचाच्या मुळाशी एक जुना सामाजिक ग्रह आहे. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, मुलीच्या हाती दिसला तर लग्नाला अडचण येईल, अशा समजुती महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्ये सारख्याच आढळतात. त्यामुळे कुटुंब पंपाऐवजी गोळी आणि सिरप मागते, आणि काही डॉक्टरही रुग्णाचा कल पाहून तेच लिहून देतात. वैद्यकशास्त्राचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. श्वासावाटे दिलेले औषध कमी मात्रेत, कमी दुष्परिणामांसह काम करते. क्रीडा नियमही पंपाच्याच बाजूने आहेत. ज्या खेळाडूला खरोखर दमा आहे, ज्याच्या मनात फसवणुकीचा विचारही नाही, त्याला केवळ पंपाच्या धास्तीने निषिद्ध वाटेवर ढकलले जाते, ही या प्रश्नाची सर्वांत दुःखद बाजू होय.

‘स्टेरॉइड’ या शब्दाने गोंधळात भर घातली आहे. दम्याची सूज कमी करणारी कॉर्टिकोस्टेरॉइडे आणि स्नायू फुगवणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे ही पूर्णतः वेगळी द्रव्ये आहेत. वृत्तपत्रांत मात्र दोहोंना एकच नाव मिळते. श्वासावाटे घ्यायच्या कॉर्टिकोस्टेरॉइडांवर बंदी नाही. दम्याच्या उपचारांबाबतच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तर २०१९ पासून केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबून राहू नये, सूज कमी करणारे औषधही पंपातून द्यावे, अशी भूमिका घेतली आहे. बंदी आहे ती स्पर्धाकाळात याच औषधांच्या गोळ्यांवर आणि, २०२२ पासून, त्यांच्या सर्व प्रकारच्या इंजेक्शनांवर. दम लागला म्हणून गावातील दवाखान्यात मिळणारे ‘ताकदीचे इंजेक्शन’ पुष्कळदा याच जातीचे असते.

वनौषधींकडे वळणाराही सुरक्षित राहतोच असे नाही. दम्यावर परंपरेने वापरल्या जाणाऱ्या सोमलतेच्या जातींत एफेड्रिन असते, आणि ठरावीक प्रमाणापलीकडे ते स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा १६ वर्षांचा जलतरणपटू रिक डिमॉन्ट याचे ४०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले, तेही दम्याच्या औषधातील एफेड्रिनमुळेच. आपण कोणते औषध घेतो हे त्याने संघाच्या डॉक्टरांना कळवले होते.

निदानाचा अभाव

खेळाडूला खरेच दमा आहे की नाही, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. व्यायामामुळे श्वासनलिका आवळण्याचा त्रास बहुधा धाव संपल्यानंतर पाच-दहा मिनिटांत सर्वाधिक जाणवतो. तोवर डॉक्टरांकडे पोहोचणारा खेळाडू पूर्ववत झालेला असतो. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकपासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तोंडी सांगण्यावर न विसंबता फुफ्फुसांच्या चाचणीचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. त्यानंतरच्या नोंदींत ऑलिंपिक खेळाडूंपैकी सुमारे ८ टक्के खेळाडूंना दमा असल्याचे दिसले आणि सायकल, जलतरण, लांब पल्ल्याचे स्कीइंग या सहनशक्तीच्या खेळांत प्रमाण अधिक आढळले. औषधाने लाभ होतो म्हणून तेथे रुग्ण अधिक, असा संशय घेतला गेला. परंतु थंड, कोरड्या किंवा क्लोरीनयुक्त हवेत वर्षानुवर्षे जोराने श्वास घेतल्याने श्वासनलिकांनाच इजा होते, हे स्पष्टीकरण अभ्यासकांना अधिक पटणारे आहे. २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम करणारी पॉला रॅडक्लिफ ही लहानपणापासून दमेकरी होती.

क्लोरीनच्या जागी कोक भट्ट्यांचा धूर आणि धूळ ठेवली की प्रश्न भिलाईत येतो. येथील धावपटूंपैकी ज्यांना त्रास आहे, त्यांनी आधी श्वासमापन चाचणी करून घ्यावी, मग पंप घ्यावा, आणि त्याची नोंद ठेवावी, हा मार्ग कागदावर सरळ आहे. निषिद्ध औषधाला पर्यायच नसेल तर उपचारार्थ सवलतीचा अर्ज ‘नाडा’कडे करता येतो, तातडीच्या उपचारांत नेब्युलायझर द्यावा लागला तर तो नंतरही करता येतो. औषधाचे नाव टाकून ते निषिद्ध आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘नाडा’ने ‘नो युवर मेडिसिन’ ही सुविधाही दिली आहे. परंतु जिल्हास्तरावर धावणाऱ्या मुलाला यांपैकी कशाचीही माहिती सहसा प्रशिक्षकाकडूनच मिळणार, आणि प्रशिक्षकाला ती कोण देतो, यावर सारे अवलंबून आहे. ‘वाडा’च्या २०२२ च्या आकडेवारीत भारताच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष ठरले, दोन हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. अशा प्रकरणांत जगभर मोठा वाटा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांचा असतो, खोकल्याच्या औषधांचा नव्हे. पण बदनामीची पातळी एकदा वाढली की अनवधानाने सापडलेल्याकडेही त्याच नजरेने पाहिले जाते.

आणखी एक मैदान या सर्व चौकटीबाहेर राहते, ते म्हणजे पोलीस आणि सैन्य भरतीचे. तेथे सोळाशे मीटरची धाव मोजक्या मिनिटांत संपवायची असते आणि त्यावर घरादाराची आशा असते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. त्या मृत्यूंचा औषधांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. उन्हाचा आणि श्रमाचा ताण पुरेसा होता. त्याच उन्हात एखाद्या निरोगी उमेदवाराने ‘दम टिकतो’ म्हणून दम्याची चार मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर त्याला थांबवणारा नियम तेथे नाही, आणि गोळीने वेळ वाचत नाही हे सांगणारेही फारसे कुणी नाही. ‘नाडा’ची पथके खेळाडूंच्या चाचण्यांसाठी असतात; भरतीच्या रांगेत ती उभी राहत नाहीत.